ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये जिप्सीचं इंजिन: वायरिंगला हात कुठून घालू?

पाचवा_गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्या सासऱ्यांची १९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३, गेली एकोणीस वर्षं माझगावच्या एका गाळ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. शेवटची चालली तेव्हा कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. नाना (सासरे) आता ८१ वर्षांचे आहेत. ही गाडी पुन्हा स्वतःच्या ताकदीवर हललेली त्यांना दाखवायची, एवढाच हेतू.

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड आठवत असेल, तिची ही दोन सीटची बहीण. दोघींचं रूप इटलीच्या जोवान्नी मिकेलोत्तीने रेखाटलेलं. बोनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे कलंडतं, त्यामुळे पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. इतकी मोकळी जागा मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिली नाही.

कुर्ल्याला सीएसटी रोडवरून जिप्सी किंगचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन गिअरबॉक्ससकट आणलं. सुझुकीचं जी१३बीबी, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८० हॉर्सपॉवर. मूळ इंजिन १२९६ सीसी, ७५ हॉर्सपॉवर. म्हणजे गाडीच्या डिफरन्शियलला आणि ब्रेकला झेपेल असंच घेतलंय. मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी असल्याने इंजिन लांबीतच बसतं, आणि जिप्सीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून सुटी असते, ती काढून ठेवली. माउंटिंगची ब्रॅकेट बनवून झाली.

गाडं अडलंय वायरिंगवर. एका इलेक्ट्रिशियनने सांगितलं, जुनी वायरिंग सगळी उपटून नवी टाकू. दुसरा म्हणाला, रंगाला रंग जुळवत जाऊ. दोन्ही मला पटेना. गाडीचा आत्मा न दुखवता हे कसं करावं?

वडाळा_ब्रिज

वाचतोय. फोटो टाका.

तांब्याची_तार

पाचवा_गिअर, दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला गाडीला हात लावू देऊ नका. रंगाला रंग कधीच जुळत नसतो. मी चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, लालबागला दुकान होतं. तुमच्या गाडीची वायरिंग ल्युकस या ब्रिटिश कंपनीच्या रंगांची आहे आणि त्या रंगांना अर्थ आहे. ब्राउन म्हणजे बॅटरीकडून थेट, किल्लीच्या आधीचा करंट. व्हाइट म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा. ग्रीन म्हणजे तोच व्हाइट, पण फ्यूजमधून गेलेला. पर्पल म्हणजे कायम चालू पण फ्यूजवाला, हॉर्नसाठी. ब्लॅक म्हणजे अर्थ, म्हणजे अर्थिंग, गाडीच्या बॉडीला जाणारी वायर. लाल पार्किंगला, निळा हेडलाइटला. वायरच्या अंगावर दुसऱ्या रंगाची रेघ असते, ती वायर कुठे जाते ते सांगते: व्हाइटवर लाल रेघ सेल्फच्या सोलेनॉइडला, व्हाइटवर ब्राउन रेघ ऑइल प्रेशरच्या दिव्याला, ग्रीनवर निळी रेघ टेंपरेचर मीटरला. सुझुकीचे रंग वेगळ्या हिशेबाने दिलेले असतात. तिथला पांढरा आणि इथला पांढरा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रंग जुळवायला गेलात तर ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) पहिल्याच किल्लीला जाईल.

आता पहिल्या इलेक्ट्रिशियनचं. उपटून नवी टाकणं चुकीचं नाही, पण तुमच्या गाडीला त्याची गरज आहे का ते आधी बघा. दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांची वायरिंग शाबूत असेल तर तिला हातही लावू नका. जिप्सीचं इंजिन आपली वायरिंग स्वतः घेऊन आलंय. ती इंजिनावरच पूर्ण करायची. जमिनीवर लाकडी घोडी बांधून, बॅटरी लावून, इंजिन गाडीच्या बाहेर चालू झालं पाहिजे. ते झालं की मग जुन्या गाडीशी गाठी मारायच्या, आणि त्या गाठी सात-आठच असतात. मोजून सांगतो.

एक: बॅटरीचा कायमचा प्लस. हा जुन्या वायरिंगमधून घ्यायचा नाही, बॅटरीच्या टोकावरून मोठा फ्यूज घालून नवा ओढायचा. दोन: किल्लीचा व्हाइट. तो फक्त रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) ओढण्यापुरता वापरायचा, त्याच्यावर पंप किंवा इंजेक्टर चालवायचे नाहीत. साठ वर्षांची वायर आहे ती. सेल्फ मारतानाही त्यात करंट टिकतो का ते मीटरने बघून घ्या, कारण क्रँकिंगला तो तुटला तर ईसीएम झोपतो. तीन: सेल्फची व्हाइट-लाल. चार: चार्जिंगच्या दिव्याची ब्राउनवर पिवळी रेघ असलेली वायर, ती आता डायनामोऐवजी अल्टरनेटरच्या एल टोकाला. पाच: ऑइलचा दिवा. ही गाठ सोपी, दोन्हीकडे प्रेशर नसताना स्विच अर्थ देतो. सहा: टेंपरेचर मीटर. सात: आरपीएम मीटर. आठवा इंजिन चेकचा दिवा, जो जुन्या डॅशबोर्डवर नाहीच, तो छोटासा कुठेतरी खाली लावा. तो नसेल तर ईसीएम काय तक्रार करतोय ते कळणार नाही.

या आठही वायरी एका कपलरमधून (सोडता-जोडता येणाऱ्या जोडातून) न्या. उद्या मूळ इंजिन बसवायचं झालं तर एक कपलर सोडला की जुनी गाडी जशी होती तशी.

पाचवा_गिअर

दादा, हे प्रिंट काढून गाळ्याच्या भिंतीवर लावलं. डायनामोचा कटआउट (चार्जिंग सांभाळणारा डबा) काढून टाकू का?

तांब्याची_तार

डबा जागेवर राहू द्या, दिसायला हवा. त्याच्यावर आलेल्या जाड ब्राउन वायरी सोडवून नव्या टर्मिनलवर एकत्र घ्या, नाहीतर गाडीला करंटच मिळणार नाही. आणि अल्टरनेटरची मुख्य वायर त्या जुन्या वाटेने नेऊ नका. ल्युकसचा सी४० डायनामो २२ अँपिअरचा, सगळी जुनी वायर त्या हिशेबाने घातलेली. आता रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन एकटाच दहाच्या आसपास खाईल, पंप पाच-सहा. अल्टरनेटरपासून थेट बॅटरीला स्वतंत्र जाड केबल घ्या.

चार्जिंगच्या दिव्यात एलईडी घालू नका. त्या साध्या बल्बमधून जाणारा थोडासा करंटच अल्टरनेटरला जागा करतो.

खोपोली_घाट

ही गाडी मार्क ३ आहे म्हणून निगेटिव्ह अर्थ असायला हवी. पण मार्क १ आणि २ पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, आणि इतक्या वर्षांत कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जातं ते डोळ्यांनी बघा, मगच पुढे जा. उलटं लागलं तर ईसीएम आणि अल्टरनेटरचे डायोड दोन्ही त्याच क्षणी जातील.

पाचवा_गिअर

बघितलं. निगेटिव्हच आहे. बॅटरीखालचा पत्रा मात्र ॲसिडने चाळण झालाय, तो आधी वेल्डिंग करून घेणार.

खोपोली_घाट

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा आणि ईसीएम गाडीत असेल तर कपलर काढून बाहेर ठेवा.

मीटरवाली

मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम करते आणि जुनी स्मिथ्स कंपनीची मीटर दुरुस्त करायची मला मनापासून आवड आहे, म्हणून मीटरांपुरतं लिहिते. इथे बरेच जण फसतात.

तुमच्या गाडीचं टेंपरेचर आणि पेट्रोलचं मीटर १२ व्होल्टवर चालत नाही. डॅशबोर्डमागे एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. ती सरासरी १० व्होल्ट देते, तिच्यातून फिकट हिरवी वायर मीटरांना जाते. त्या डबीच्या अंगाला अर्थ मिळाला नाही तर ती पूर्ण १२ देते आणि दोन्ही काटे वर चढतात. मग माणूस नवा रेडिएटर घेतो, थर्मोस्टॅट बदलतो, आणि दोष असतो एका गंजलेल्या स्क्रूचा. डबी काढून घासून पुन्हा बसवा.

सुझुकीच्या इंजिनावर ईसीएमला तापमान सांगणारा सेन्सर असतो, त्याला ईसीएम स्वतःचे ५ व्होल्ट देतो. त्याच्यावर जुनं मीटर जोडायचा विचार मनातही आणू नका. दोन्ही चुकीचं वाचतील. मूळ इंजिनावरचा सेंडर (जुन्या मीटरला तापमान कळवणारा भाग) काढा, लेथवर पितळेची बुश बनवून घ्या आणि पाण्याच्या वाटेवर तो वेगळा बसवा. मग काटा १९६८ साली जिथे थांबायचा तिथेच थांबेल.

आरपीएम मीटर: तुमच्या मॉडेलमध्ये ते केबलवर फिरतं आणि केबल डेल्कोच्या (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) बुडातून निघते. नव्या इंजिनाला डेल्कोच नाही ना?

पाचवा_गिअर

नाही, दोन कॉइल आहेत. आणि ताई, स्पीडोमीटरचंही तेच दुखणं आहे. जिप्सीत त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, जी मी काढून ठेवलीय!

मीटरवाली

मग दोन्ही मीटरांचं पोट बदलावं लागेल, चेहरा तोच ठेवून. आरपीएमसाठी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आत बसवता येते. एक लक्षात ठेवा: दोन कॉइलच्या पद्धतीत प्रत्येक कॉइल क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा उडते. दोन्ही मिळून फेऱ्याला दोन ठोके, म्हणजे डेल्कोवाल्या चार सिलिंडर इंजिनाइतकेच. ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके. तुम्ही एकाच कॉइलवरून सिग्नल घेतलात तर ५० मिळतील आणि मीटर १५०० दाखवेल. ईसीएमचं टॅकोचं आउटपुट असेल तर तेच घ्या.

स्पीडसाठी प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर मॅग्नेट आणि पिकअप. मीटरं माझ्याकडे पाठवा, मी बघते. डायल धुऊ नका, कापडानेसुद्धा पुसू नका. त्या अक्षरांचा रंग पाण्याने निघतो.

जुनं_ते_जुनं

धागा वाचून आनंदही होतोय आणि जीवही तुटतोय. या देशात स्पिटफायर किती राहिल्या आहेत? भोक पडलेला ब्लॉक दुरुस्त होतो. ओतीव लोखंडाचं मेटल स्टिचिंग करणारे कारागीर आहेत, तडा आणि भोक दोन्ही वेल्डिंगशिवाय शिवतात. मूळ इंजिन भंगारात गेलं नाही ना?

पाचवा_गिअर

गेलं नाही. ब्लॉक, हेड, दोन्ही एसयू कार्ब्युरेटर, डायनामो, सगळं ऑइल लावून माळ्यावर आहे. नानांनी तुटलेला रॉडसुद्धा जपून ठेवलाय.

आरसी_बुक

वायरिंगमधलं मला कळत नाही, पण कागदाचं सांगणं गरजेचं आहे. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने मुळात जे तपशील दिले त्यांच्याशी आरसीवरचे तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच उचलून धरलं. सीएनजी किटसारख्या इंधनबदलाला वाट आहे. दुसऱ्या कंपनीचं इंजिन घालून रस्त्यावर आणणं ही वेगळी गोष्ट.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. २०२१च्या जुलैमध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी केंद्राचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तुमची गाडी वयाने बसते. जिप्सीच्या इंजिनासकट बसणार नाही.

पाचवा_गिअर

हे वाचून रात्रभर झोप लागली नाही. बायकोशी आणि नानांशी बोललो. ठरलं ते असं: मूळ ब्लॉक स्टिचिंगला द्यायचा, पण त्याला किती महिने लागतील माहीत नाही आणि नानांच्या हातात किती वेळ आहे तेही माहीत नाही. तोवर जिप्सीचं इंजिन बसवायचं, गाडी सार्वजनिक रस्त्यावर अजिबात चालवायची नाही. अलिबागकडे आमची नारळाची वाडी आहे, फाटकापासून घरापर्यंत दोनशे मीटरचा स्वतःचा रस्ता आहे. ट्रेलरवर घालून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला न्यायची. मूळ इंजिन तयार झालं की ते परत बसवून मगच व्हिंटेज नोंदणीला अर्ज. म्हणून आता वायरिंगचा एकही जुना धागा कापला जाणार नाही. ब्रॅकेटसुद्धा बोल्टनेच बसतात, चासीला वेल्डिंग केलेलं नाही.

जुनं_ते_जुनं

पाचवा_गिअर, मनापासून आभार. स्टिचिंगवाल्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

तांब्याची_तार

असं असेल तर पेट्रोलचं बघा. मूळ पंप ब्लॉकवर, कॅमवर चालणारा, कार्ब्युरेटरला नुसता घोट पाजणारा. इंजेक्शनला अडीच-तीन बार लागतो. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप, जाड वायर, स्वतःचा रिले आणि फ्यूज, आणि टाकीकडे परतीची नळी. तुमची टाकी सीटच्या मागे, डिकीच्या आत आहे, म्हणजे माणसाच्या पाठीशी. नळ्या इंजेक्शनच्या प्रेशरच्या आणि इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्या, साधा रबर पाइप नको. पंपाचा रिले ईसीएमच्याच ताब्यात ठेवा. किल्ली फिरवली की दोन-तीन सेकंद चालून तो थांबतो आणि क्रँकचा सिग्नल आला तरच पुन्हा चालतो. काही लोक थेट किल्लीवर पंप जोडतात. इंजिन बंद पडलं, नळी फुटली, तरी पंप पेट्रोल ओकत राहतो. असं कधी करू नका.

सामान आणायला लोहार चाळीत जाऊ नका, तिथे घरगुती वायर मिळेल. गाडीसाठी पातळ आवरणाची ऑटो वायर हवी. कपलर आणि टर्मिनल लॅमिंग्टन रोडला शोधा, क्रिम्पिंगचा चांगला पक्कडही तिथेच. जोड सोल्डर करू नका. सोल्डर वायरीत आत चढतं, तिथे ती कडक होते आणि हादऱ्याने नेमकी त्याच काठावर तुटते. नीट क्रिम्प, वर गोंदवाली हीट श्रिंक. आपल्या हवेत खारं बाष्प आहे, उघडा तांब्याचा जोड दोन पावसाळ्यांत हिरवा होतो.

आणि कोणालाही बल्बवाला टेस्ट लॅम्प ईसीएमच्या पिनांना लावू देऊ नका. आम्ही आयुष्यभर त्याच्यावरच काम केलं, पण तो बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा सेन्सरच्या वायरीला किंवा ईसीएमच्या आतल्या भागाला सोसत नाही. मल्टिमीटरच.

वडाळा_ब्रिज

मीही एका जिप्सीच्या इंजिनाच्या शोधात आहे. घेताना काय बघू?

पाचवा_गिअर

इंजिन, ईसीएम, वायरिंग, रिले, कॉइल, थ्रॉटल बॉडी, ॲक्सिलरेटरची केबल, सगळं एकाच गाडीतलं घ्या. दुकानदार वायरिंग गॅस कटरजवळ नेण्याआधी स्वतः उभं राहून कपलर सोडवून घ्या. मी दोन दिवस तिथे बसलो होतो. कपलर कापून वेगळे विकायची पद्धत आहे, आणि एकदा कापला की तसाच मिळेलच असं नाही. नव्या मॉडेलचं इंजिन घेत असाल तर इमोबिलायझर आहे का विचारा. असेल तर त्याच गाडीची किल्ली आणि किल्लीभोवतीची कॉइलसुद्धा लागते, नाहीतर ईसीएम पेट्रोल देणार नाही.

पाचवा_गिअर

तीन आठवड्यांनी लिहितोय. काल घोडीवर इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं! मग गाडीत बसवलं आणि सुरूच होईना. सेल्फ जड फिरतो, इंजिन चेकचा दिवा मध्येच विझतो. सगळे फ्यूज ठीक. ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लागला तर ती चक्क गरम.

तांब्याची_तार

केबल गरम म्हणजे सेल्फचा अर्थ त्या केबलमधून परत येतोय, कारण त्याला दुसरी वाट नाही. तुमच्या गाडीची बॉडी आणि चासी वेगळ्या, मध्ये पॅड. इंजिन चासीवर रबरावर, बॅटरी बॉडीवर. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, दुसरं ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. किती येतात ते लिहा.

पाचवा_गिअर

१.४ व्होल्ट.

तांब्याची_तार

सापडलं. ०.२च्या आत हवं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट ब्लॉकला जाड केबल, ब्लॉकपासून चासीला विणलेली पट्टी, चासीपासून बॉडीला दुसरी. प्रत्येक ठिकाणी रंग खरवडून पांढरा धातू काढा, बोल्ट आवळा, वर ग्रीस. ईसीएमचे अर्थ सुझुकीने जिथे दिलेत तिथेच, इंजिनावर. सेन्सरचा अर्थ वेगळा येतो, तो बॉडीला जोडू नका.

पाचवा_गिअर

चासीवर गेल्या महिन्यात मीच पावडर कोटिंग करून घेतलं होतं, त्याच्यावरच लग आवळला होता. खरवडला, तीन पट्ट्या घातल्या. आता ०.१ व्होल्ट. सेल्फ मारल्याबरोबर इंजिन लागलं. चार्जिंगचा दिवा विझला, ऑइलचा विझला, आणि मीटरवाली ताईंनी परत पाठवलेल्या आरपीएमच्या काट्याने ९००वर मुक्काम केला.

मीटरवाली

डोळ्यांत पाणी आलं. टेंपरेचरचा काटा कुठे थांबतो तेवढं कळवा.

पाचवा_गिअर

मध्यापासून किंचित खाली. नाना म्हणाले, तिथेच थांबायचा.

शनिवारी सकाळच्या रो-रोचं ट्रेलरसकट बुकिंग झालंय. आठ वायरींचा कपलर डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला आहे, त्याला पिवळी चिठ्ठी बांधलीय: मूळ इंजिन बसवताना हा सोडवा. ब्लॉकवाल्याचा फोन येईल तेव्हा याच धाग्यावर लिहीन.